माझ्या सहीची पेटी

४ तारीख, सोमवार

खोकी आली. लहानमोठी मिळून सात. कॉम्प्युटर तयार न घेता सुटे भाग आणून मीच जोडीन, असं महिन्यापूर्वी बायकोला बोलून बसलो होतो, त्यामुळे आता माघार नव्हती. पंचवीस वर्षं मी तराजू दुरुस्त करतोय. औषधवाल्यांचे, सोनारांचे, प्रयोगशाळांतले. डोक्याचा केस ठेवला तरी काटा हलावा असे. त्यापुढे ही लोखंडी पेटी काय मोठी, असं मनात आलं. त्यात थोडी घमेंड होती, हे इथे लिहून ठेवतो.

सकाळी देवापुढे दोन मिनिटं उभा राहून कामाला बसलो. बायको पुस्तिका वाचून सांगत होती, मी जोडत होतो. मेमरीच्या दोन पट्ट्या खाचेत बसवायच्या आणि दोन्ही टोकांचे चिमटे आपोआप मिटेपर्यंत दाबायच्या, असं तिने वाचलं. पहिलीचे दोन्ही चिमटे मिटले. दुसरीचा एक मिटला, दुसरा उघडाच राहिला. तो मी बोटाने हळूच मिटवला. मला काम शिकवणारे उस्ताद सांगायचे, "जोर लावावा लागला की समज, तुझं काहीतरी चुकलंय." तेव्हापासून हाताला जोर लावायची सवयच नाही.

संध्याकाळी बटण दाबलं आणि पडदा उजळला. बायकोने चक्क टाळी वाजवली. आई दारात येऊन म्हणाली, "एवढंसं चित्र दाखवायला एवढी मोठी पेटी?"

तराजू दुरुस्त झाला की मी त्यावर कागदी पट्टी चिकटवून सही आणि तारीख घालतो. माझं सील असलं की गिऱ्हाईक निश्चिंत असतं. तशीच पट्टी पेटीच्या झाकणालाही लावली. बायको म्हणाली, "ही कोणाला वजनात फसवणार आहे?"

टेबल प्लायवूडच्या भिंतीला टेकवून मांडलंय. ह्याच भिंतीने आमच्या मोठ्या खोलीतून आईची खोली काढली आहे. पलीकडे भिंतीला टेकून तिचं लोखंडी कपाट आहे. त्याचं दार बसत नाही, कमरेने धक्का द्यावा लागतो, जरा बघ, असं ती पुन्हा म्हणाली. रविवारी बघतो म्हटलं.

६ तारीख, बुधवार

बायकोचं काम आजपासून सुरू. अठरा वर्षं ती एका वकिलांकडे टायपिंग करायची. वकील थकले, त्यांनी ऑफिस बंद केलं. गेल्या चार महिन्यांत तिने घरातले सगळे डबे तीनदा घासले आणि चौथ्यांदा काढायला घेतले तेव्हा मला तिची काळजी वाटू लागली. मग हे काम मिळालं. जुन्या हस्तलिखित नोंदवह्यांचे फोटो येतात, ते वाचून टाइप करायचे. जुनं अक्षर लावण्यात तिचा हात कोणी धरू शकणार नाही.

महिनाभर परीक्षा आहे. रोज एक गठ्ठा, संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा. मध्येच मशीन बंद पडलं तर गठ्ठा पहिल्या पानापासून. महिन्यात तीन गठ्ठे चुकले की काम संपलं. लोकांचे खासगी कागद असल्यामुळे घरच्याच मशीनवर, दुसरीकडे नाही. फोनवरच्या मुख्य बाईंनी हे सगळं इतक्या गोड आवाजात सांगितलं की बायको म्हणाली, "ह्या बाई काढून टाकताना काय गोड बोलत असतील."

अकरा वीसला पडदा काळा झाला. पेटी आपोआप पुन्हा सुरू झाली, पण सकाळचं काम गेलं. बायको "गेलं" म्हणून ओरडली. आई लगेच दारात आली, घाबरीघुबरी. "काय झालं? कोणाला काय दिसलं?" कॉम्प्युटर बंद पडला म्हटल्यावर तिने मोठा श्वास सोडला. बिचारीला आमची किती काळजी.

गठ्ठा पाचला सात मिनिटं कमी असताना गेला.

७ तारीख, गुरुवार

आईला घेऊन डॉक्टरकडे गेलो. दिवस तिथेच गेला. साखर पुन्हा वाढली आहे. डॉक्टर म्हणाले, "आजी, गोड बंद केलंय ना?" आई म्हणाली, "घरात कोणी देईल तर खाईन ना." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी शपथेवर सांगितलं की घरात गोड शिजत नाही.

पेटी दिवसभर छान चालली.

८ तारीख, शुक्रवार

दोनदा बंद पडली. अकरा पंचवीसला आणि चारच्या सुमारास. दुसऱ्यांदा गेल्यावर पाच वाजेपर्यंत गठ्ठा उरकणं शक्यच नव्हतं. पहिली चूक नोंदली गेली.

गरम होत असेल म्हणून टेबलपंखा लावला. बायकोचे कागद उडाले, ते गोळा करण्यात मी अर्धा तास घालवला.

एक चांगली गोष्ट लिहितो. आईचं नामस्मरण खूप वाढलंय. हल्ली दुपारी बघावं तेव्हा ओठ मिटलेले आणि गाल हळूहळू हलत असतात. बोलायला गेलं तर हात वर करून थांबवते. ह्या वयात मन असं लागणं सोपं नाही. मला अजून दहा मिनिटं बसलं तरी तराजूच आठवतात.

१० तारीख, रविवार

वायर बदलली, प्लग बदलला, पेटी भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटवर लावली. त्यात दिवस गेला. कपाटाचं दार राहिलं.

बायको आईच्या कपाटातून चादर आणायला गेली होती. बऱ्याच वेळाने चादर न घेताच परत आली आणि तोंडाला पदर लावून हसत बसली. विचारलं तर म्हणाली, "काही नाही हो, तुमची आई म्हणजे." पुढे बोलेना. आठवडाभरात पहिल्यांदा हसली म्हणून मी जास्त विचारलं नाही.

१२ तारीख, मंगळवार

काल साडेतीनला एकदा, आज अकरा चाळीसला एकदा. दोन्ही गठ्ठे कसेबसे गेले. बायको आता सकाळी सहालाच टाइप करायला बसते. पाठ दुखते, पण सांगत नाही. उठताना टेबल धरते, त्यावरून मी ओळखतो.

औषधवाल्याचा तराजू तपासायला गेलो होतो. तो म्हणाला, "वहिनींनी काल त्या बिनसाखरेच्या चघळायच्या गोळ्यांची अख्खी बरणी नेली. एवढा घसा बसलाय?" घरी येऊन विचारलं. "हो, टाइप करताना वाचते ना मोठ्याने," म्हणाली. मला तर तिचं मोठ्याने वाचणं कधी ऐकू आलं नाही. पण मी दिवसभर बाहेर असतो.

आज जेवताना आई अचानक म्हणाली, "आताशा कशाला पूर्वीसारखी चवच राहिली नाही." हात धुवायला गेलो तरी ते वाक्य मनात राहिलं. माणूस वैराग्याला पोचतो तो असाच, गाजावाजा न करता.

१३ तारीख, बुधवार

पहाटेच गठ्ठा उरकून घेतला आणि पेटी रिक्षात मांडीवर घेऊन सुट्या भागांच्या दुकानात नेली. दुकानदार तिशीतला आहे, सगळ्यांना काका म्हणतो. त्याने पेटी दगडी ओट्यावर ठेवली आणि तपासणीचा प्रोग्रॅम लावला. "काका, उद्या दिवसभर पळवतो. मेली तर इथेच मरेल."

१४ तारीख, गुरुवार

बायकोने फोन करून आजची सुट्टी मागितली. बाईंनी दिली, गोड आवाजात, एकदाच मिळते असं सांगून.

१५ तारीख, शुक्रवार

पेटी आणायला सकाळी दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. दोन दिवसांत एकदाही बंद पडली नाही.

"ठणठणीत आहे, काका. आता घर तपासा."

"आत उघडून बघितलं का?"

"तुमचं सील होतं. सहीबिही. म्हटलं, काकांनी एवढं बांधून दिलंय तर त्यांनाही वाईट वाटायला नको." मग हसून म्हणाला, "तुम्ही उघडून बघितलं असेलच की."

पंचवीस वर्षांत स्वतःचं सील मी तोडलेलं नाही. ते तोडायची वेळ आलीच नाही. आणि खरं सांगायचं तर आली असं मान्य करायचं नव्हतं.

घरी लावून तासही झाला नाही तोच काळा पडदा. दुपारी पुन्हा दोनदा. दुसरी चूक नोंदली गेली. आता एकच उरली.

बायको चिडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि डबे काढून घासायला बसली. मी दारात उभा राहिलो. म्हणाली, "तुम्ही मन लावून केलंत, मला माहीत आहे. पण मला ते काम आवडायला लागलं होतं हो." होतं म्हणाली.

घर तपासा, हे दुकानदाराचं बोलणं डोक्यातून जाईना. पेटी जोडली त्या दिवशी मी मनात काय काय आणलं होतं? शेजारच्यांनी तयार मशीन घेतलं तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात हसलो होतो. एवढ्याने मशीन बंद पडत नाही, हे मला कळतं. तरी आठवलं.

आई आज दारात आली नाही. भिंतीपलीकडून तिने फक्त विचारलं, "पुन्हा गेली का रे?" हो म्हटल्यावर किती वाजले ते विचारलं.

१६ तारीख, शनिवार

नवल आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पेटीने एकदाही त्रास दिला नाही. गठ्ठा तीनलाच गेला. बायको हसली नाही, पण खुर्चीत मागे टेकून बसली.

आईचं मात्र मला काही खरं दिसत नाही. दिवसभर कपाटाकडे पाठ करून बसली होती. ओठ हलत नव्हते. मी म्हटलं, "आई, आज नाव नाही घेतलंस?" तर माझ्याकडे असं बघितलं की लहानपणी शाळेतून पाटी फोडून आलो होतो तेव्हाच तसं बघितलं होतं. "नाही घेतलं," म्हणाली. "जमेल तेवढे दिवस नाही घेणार."

देवाकडे मागणं मागायला संकोच वाटत होता. कॉम्प्युटरसाठी काय मागायचं? मग म्हटलं, हे कॉम्प्युटरसाठी नाही, बायकोसाठी आहे. आणि थोडं आईसाठीही मागितलं, तिची गेलेली भक्ती परत येऊ दे म्हणून.

१७ तारीख, रविवार

आजचं सगळं नीट लिहायला हवं.

सकाळी आई माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "तुझी ती वही आण. शाळेतल्या मास्तरांनी लावलेली रोज लिहायची सवय अजून मोडली नाहीस ना? पेटी बंद पडल्याच्या वेळा लिहिल्यास ना तिच्यात? वाच."

मी वाचू लागलो. "बुधवारी अकरा वीस."

"हं."

"शुक्रवारी अकरा पंचवीस. मग चारच्या सुमारास."

"चारला दहा कमी होते. पुढे."

"सोमवारी साडेतीन. मंगळवारी अकरा चाळीस. आई, तुला काय माहीत चारला दहा कमी होते ते?"

"मीच होते म्हणून." तिने मांडीवर हात ठेवले. "मी कपाटाचं दार लावते आणि तिकडून सूनबाई गेलं म्हणून ओरडते. पहिल्यांदा मला वाटलं, मलाच पकडलं."

"कशाबद्दल पकडलं?"

"ते विचारू नकोस. दिवसातून एवढ्यांदा कपाट का उघडते, तेही विचारू नकोस. काल दिवसभर उघडलं नाही. पेटी चालली ना?"

माझ्या लक्षात आलं. तिची पोथी कपाटात असते. एवढ्यांदा काढून वाचते आणि कोणाला दिसू देत नाही. मी रोज दिखाऊपणे घंटा वाजवतो, आणि ही दार लावून. मला माझीच लाज वाटली.

बायको मात्र तोंडाला पदर लावून उठून गेली.

मग आम्ही करून पाहिलं. बायको पेटीसमोर बसली, आई आपल्या खोलीत गेली. दार लागल्याचा आवाज आला. काही झालं नाही. आई भिंतीपलीकडून म्हणाली, "हे हळू लावलं. आता रोजच्यासारखं लावते." कमरेचा धक्का बसला, भिंत हादरली, टेबल थरथरलं आणि पडदा काळा.

"गेलं," बायको म्हणाली.

"गेलं ना?" पलीकडून आवाज आला. "मग मी खरी."

म्हणजे आत काहीतरी ढिलं होतं. दुकानातल्या दगडी ओट्यावर ते हललं नव्हतं, एवढंच. हे कळायला मला तेरा दिवस लागले, आणि मी काटे थरथरतात म्हणून लोकांची टेबलं बदलायला लावणारा माणूस आहे.

सुरी घेऊन पेटीसमोर बसलो. सीलवर माझी सही होती, चांगली वळणदार. हात पुढे जाईना.

बायको म्हणाली, "तोडा. सही तुमचीच आहे, पुन्हा करता येईल."

तोडलं.

बॅटरीच्या उजेडात दोन मिनिटं नुसता बघत राहिलो, काटा बघतो तसा. दुसरी मेमरीची पट्टी एका टोकाला नखभर वर होती. मी बोटाने मिटवलेला चिमटा तिच्या अंगावर नुसता टेकला होता, धरून काहीच नव्हता. अंगठ्याने दाबलं. जाईना.

"जोरात दाबा," बायको म्हणाली.

"मोडेल."

"पुस्तिकेत दाबा लिहिलंय. जपा लिहिलेलं नाही."

आई दारातून बघत होती. म्हणाली, "लहानपणी आंघोळ घालताना तुझं डोकं मी जेवढ्या जोराने चोळायचे ना, तेवढ्या जोराने दाब. तू मोडलास का?"

बायकोने तिचा अंगठा माझ्या अंगठ्याशेजारी ठेवला. दोघांनी दाबलं. मला वाटलं, आता तुटणार. आणि टक असा आवाज आला. चिमटा आपणहून मिटला.

आई आत जाऊन कमरेने दार आदळून आली. पडद्याची पापणीही लवली नाही. मग बायकोने आदळलं. मग मी. चौथ्यांदा आदळलं तेव्हा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि भांडण चाललंय का विचारू लागले.

उस्तादांचं काही चुकलं नव्हतं. ते तराजूबद्दल बोलत होते. ते सगळ्यालाच लागू करून बसलो तो मी.

दुपारी कपाटाचं दारही केलं. बिजागरी वाकली होती, सरळ करून तेल घातलं. कानस लावताना खालच्या कप्प्यात सोनेरी कागदांच्या घड्या दिसल्या, ढीगभर. आई म्हणाली, "पोथीत खुणेला ठेवते." पोथी लहान आहे आणि खुणा पुष्कळ, पण वाचणाऱ्याला लागत असतील. दार आता बोटाने लागतं, आवाज नाही. आई दोनतीनदा उघडून लावून बघत म्हणाली, "वा. आता कोणाला कळायचंसुद्धा नाही."

तिला आपली भक्ती कोणाच्या डोळ्यावर यायला नको असते.

पेटीला नवं सील लावलं. ह्या वेळी बायकोलाही सही करायला लावली.

२२ तारीख, शुक्रवार

पाच दिवस पेटी एकदाही बंद पडलेली नाही. गठ्ठे दोनतीन वाजताच जातात. काल बायकोने एका नोंदवहीतलं कोणालाच न लागणारं अक्षर लावलं, म्हणून बाईंनी दुसऱ्यांचे गठ्ठेही तिच्याकडे पाठवले. डबे जागच्या जागी आहेत.

आईचे गाल पुन्हा हलू लागले. मागितलं ते मिळालं.

३० तारीख, शनिवार

दुपारी बाईंचा फोन आला. आवाज गोडच होता, त्यामुळे आम्हाला शेवटपर्यंत कळेना. काम कायम झालं. बायकोने फोन ठेवला आणि पुढचं पान उघडून टाइप करायला लागली. मग टाइप करता करता डोळे पुसले. मग मला म्हणाली, "बघत काय उभे राहता, चष्म्याला धूळ आहे."

सकाळी आईला डॉक्टरकडे नेलं होतं. साखर चांगली उतरली आहे. डॉक्टर म्हणाले, "आजी, जमवलंत की." आई चकित होऊन माझ्याकडे बघत राहिली. मी डॉक्टरांना नामस्मरणाचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

फोनचं ऐकून आई आपल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला नाही, पण मूठ मिटून बाहेर आली. सोनेरी कागदातली एक गोळी सुनेच्या हातावर ठेवली, एक माझ्या. "आनंदाचं आहे, खा." कुठून आणली विचारणार होतो, पण कपाटाबद्दल विचारायचं नाही असं ठरलंय.

तोंडात टाकली. अगदीच फिकी होती.

आईने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. "तुलासुद्धा फिकी लागते ना रे?"

"हो," मी म्हटलं. "साखर घालायची विसरलेत जणू."

"तेच म्हणते मी. महिन्याच्या सुरुवातीला अशा नव्हत्या."

आम्ही दोघांनी बायकोकडे बघितलं. ती इतक्या वेगाने टाइप करत होती की मान वर करायला तिला सवड नव्हती.